प्रक्षेत्राकडं जाणारी वाट

मे संपता संपता अकोल्याच्या काळ्या रानात उभं राहिलं तर पायाखालच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. त्याच आठवड्यात दापोलीच्या जांभ्यावर कुदळ मारली तर ठणकन आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. दोन्ही गावांत पदवी एकच मिळते: बीएस्सी (ऑनर्स) अ‍ॅग्रिकल्चर, आठ सेमिस्टर. विषयांची नावं जवळपास तीच, आणि मृदाशास्त्राच्या पेपरात 'स्फुरदाचं स्थिरीकरण', म्हणजे फॉस्फरस मातीत अडकून पिकाला न मिळणं, दोन्हीकडं विचारतात. अकोल्याच्या चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो; दापोलीच्या आम्ल मातीत तो लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीत सापडतो. पुस्तकातून दोन्ही कारणं पाठ होतात. हाताला मात्र एकच माती कळते, जिच्यात चार वर्षं हात घातले ती.

कृषी महाविद्यालय निवडताना घरोघरी जी यादी होते तिच्यात कटऑफ असतो, फी असते, घरापासूनचं अंतर असतं, होस्टेलची मेस असते. हल्ली इमारतीचा ड्रोनने काढलेला व्हिडिओही असतो. माती नसते. वैद्यकीय कॉलेज बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, हॉस्पिटल किती खाटांचं आहे. शेतीच्या कॉलेजात गेलेला माणूस प्रक्षेत्र किती एकरांचं आहे, पाणी कुठून येतं, आत्ता त्यात काय उभं आहे, हे क्वचित विचारतो. 'प्रक्षेत्र' हा शब्दच बऱ्याच पालकांना पहिल्यांदा प्रवेशानंतर ऐकू येतो. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजाच्या मालकीचं शेत म्हणजे प्रक्षेत्र. बाकी सगळं त्याच्या भोवतीनं बांधलेलं असायला हवं.

राज्यात कृषी विद्यापीठं चार. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं, आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा व दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ ही दोन्ही १९७२ ची. कॉलेजं त्याहून जुनी आहेत. नागपूरचं कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं, पुण्याचं १९०७ पासूनचं, आणि पुण्यात शेतीचे वर्ग तर त्याआधी १८७९ पासूनच भरत होते. ही वाटणी निव्वळ प्रशासकीय नाही, पावसाची आणि पिकांची आहे. राहुरीकडं पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश, म्हणजे ऊस, डाळिंब, द्राक्ष, कांदा, रब्बी ज्वारी. भगवा डाळिंब तिथलं, आणि उसाचा फुले २६५ त्याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रावरचा. परभणीकडं सोयाबीन, तूर, ज्वारी, कापूस. बीडीएन ७११ ही तूर बदनापूरची, लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी नावावरूनच कळते. अकोल्याकडं कापूस, संत्रा, सोयाबीन. दापोलीकडं भात, आंबा, काजू, नारळ. हापूस आणि नीलमच्या संकरातला रत्ना, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही काजूची कलमं.

म्हणून पहिला प्रश्न मुलाला किंवा मुलीलाच विचारायचा: चार वर्षांनी घरच्या रानात परतायचंय, की स्पर्धा परीक्षा, पदव्युत्तर, नोकरी? परतायचं असेल तर आपल्या पिकाच्या पट्ट्यातलं कॉलेज घ्यावं. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराच्या पोरानं दापोलीला चार वर्षं काढली तर भाताची रोपवाटिका त्याला उत्तम येईल, पण ऑक्टोबर छाटणीनंतरच्या सकाळी पानाच्या खालच्या बाजूला डाऊनीची पांढरी बुरशी शोधत फिरण्याची सवय लागणार नाही. ती सवय पुस्तकातून लागत नाही. परतायचं नसेल तर उलट सल्ला द्यावासा वाटतो: घरच्यापेक्षा वेगळ्या मातीत जा. काळ्या रानातल्या पोरानं चार पावसाळे कोकणात काढले, तर पुढं मुलाखतीत 'निचरा' हा शब्द तो वेगळ्याच खात्रीनं वापरतो.

आजूबाजूला काय आहे हेही याच हिशेबात धरावं. नागपूरच्या कॉलेजाला त्याच शहरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो मिळतात. पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही आहे. राजगुरुनगरला कांदा-लसणाचं संचालनालय. सोलापूरला डाळिंबाचं केंद्र, बारामतीजवळ माळेगावला पिकांवरच्या अजैविक ताणावर (दुष्काळ, उष्णता, क्षार) काम करणारी संस्था. शेवटच्या वर्षी कुठंतरी काही आठवडे जाऊन काम करायचं असतं, तेव्हा एसटीच्या एका तिकिटावर अशी संस्था असणं ही मोठी सोय. गोव्यातल्या मुलांना सुळकर्ण्याचं डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय गोवा विद्यापीठाखाली आहे, आणि जुन्या गोव्यात आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, किनारी भागासाठीची संस्था आहे.

कागद तपासायचं काम कंटाळवाणं, पण घरबसल्या होतं. आधी पाहायचं की कॉलेज घटक आहे की संलग्न. घटक म्हणजे विद्यापीठाचं स्वतःचं: फी कमी, जमीन जुनी, आणि दुखणं म्हणजे रिक्त पदं. संलग्न म्हणजे बहुतेक विनाअनुदानित खासगी. यांची संख्या सरकारी कॉलेजांच्या कितीतरी पट आहे आणि दर्जाची दरी एवढी मोठी की एकाच विद्यापीठाच्या दोन संलग्न कॉलेजांत तुलना करायलाही जीव धजत नाही. मग पाहायची आयसीएआरची मान्यता, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन, कधीपर्यंत आहे. 'अर्ज केला आहे' आणि 'मान्यता आहे' यात चार वर्षांचा फरक पडू शकतो. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी घेऊन आयसीएआरच्या पदव्युत्तर प्रवेशाला गेलं की पात्रतेच्या अटीत अडकायला होतं, आणि तोवर मागं फिरायची वेळ निघून गेलेली असते. कृषी विद्यापीठांच्या बाहेर, सर्वसाधारण किंवा खासगी विद्यापीठांतही आता बीएस्सी अ‍ॅग्री सुरू झालं आहे. ती सगळी वाईट नाहीत, पण तिथं हा एक कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पदवीचं पूर्ण नावही नीट वाचावं. अ‍ॅग्रिकल्चर, हॉर्टिकल्चर, फॉरेस्ट्री, अ‍ॅग्रिबिझनेस मॅनेजमेंट, फूड टेक्नॉलॉजी, कृषी अभियांत्रिकी या सगळ्यांना बोलताना लोक 'अ‍ॅग्री' म्हणून मोकळे होतात. नोकरीच्या जाहिरातीत मात्र कुठली पदवी चालेल ते नावानिशी लिहिलेलं असतं. बँकेतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या पदाला शेती आणि संलग्न विषयांची लांबलचक यादी चालते, प्रत्येक जागेला ती चालेलच असं नाही.

आता मुख्य काम. जाऊन बघणं.

प्रवेशाच्या आठवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत सगळीच कॉलेजं स्वच्छ असतात, माळ्यानं कडेच्या विटा रंगवलेल्या असतात आणि पावसामुळं माळसुद्धा हिरवा दिसतो. बारावीच्या वर्षात, डिसेंबर किंवा जानेवारीत, एखाद्या मंगळवारी-बुधवारी जा. रब्बी उभी असते, कॉलेज चालू असतं, आणि कुणी तुमची वाट पाहत नसतं. गेटवर वॉचमनला 'ऑफिस कुठंय' विचारण्याऐवजी 'प्रक्षेत्र कुठंय' विचारा. त्यानं हात करून वाट दाखवली तर ठीक. 'कसलं क्षेत्र?' म्हणाला, तर तो नवा असेल, किंवा त्या वाटेनं कुणी जातच नसेल.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकासाठी तुकडे दिलेले असतात. नांगरटीपासून मळणीपर्यंत आणि विक्रीच्या हिशेबापर्यंत त्यांनीच करायचं, असा तो विषय. प्रत्येक तुकड्यावर पाटी असते: पीक, वाण, पेरणीची तारीख, अंतर, बियाणं, खतमात्रा. पाटी वाचून पुढं जाऊ नका, तिथंच जरा वाका. हरभऱ्याच्या पाटीवर ३० × १० सेंमी लिहिलं असेल तर ओळीत एका मीटरला दहा झाडं हवीत. टेप नसेल तर आपला हात आहेच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत साधारण ४५ सेंमी. मीटरभरात चार-पाचच झाडं भरली तर उगवण कमी झाली, नांग्या (रिकाम्या जागा) भरल्या नाहीत. तसं होतं, शेतीच आहे. मग विचारा की उगवण का कमी झाली. 'बीजप्रक्रिया राहिली', 'वापसा गेल्यावर पेरलं', 'मर रोग लागला' यातलं काहीही उत्तर आलं तर कॉलेज चालू आहे असं समजा. झाडं मरणं हा दोष नाही, ती का मेली हे कुणालाच ठाऊक नसणं हा आहे.

तिथंच एखादा विद्यार्थी सापडला तर एक गणित घाला. तुकडा ५ × ४ मीटर, म्हणजे २० चौरस मीटर. शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र (नायट्रोजन) आणि ५० किलो स्फुरद. घरात डीएपी आणि युरिया आहे. किती टाकशील? स्फुरद लागतो १०० ग्रॅम. डीएपीत तो ४६ टक्के, म्हणून डीएपी २१७ ग्रॅम. त्यातून १८ टक्क्यांनी ३९ ग्रॅम नत्र आपोआप जातं. हवं होतं ५० ग्रॅम. उरलेल्या ११ ग्रॅमला युरिया २४ ग्रॅम. ज्याने स्वतःच्या हाताने वजन करून टाकलंय तो पोरगा जागेवर सांगतो, फार तर मोबाइल काढतो. ज्याने फक्त जर्नल उतरवलंय तो नत्राचा आणि स्फुरदाचा हिशेब वेगवेगळा करून डीएपीतलं नत्र मोजायला विसरतो. हीच चूक गावोगाव होते, आणि दुकानदारही करतो. पदवी घेऊन ती पुन्हा करण्यात अर्थ नाही.

प्रक्षेत्राच्या कडेला तारेच्या कुंपणात हवामान वेधशाळा असायला हवी. दोन मिनिटं तिथं थांबलं की कॉलेजाची नाडी कळते. पांढऱ्या झडपांची स्टीव्हनसन पेटी असते. तिचं दार उत्तरेकडं उघडतं, नाहीतर दार उघडताच ऊन थेट तापमापीवर पडेल. खाली गवत हवं, फरशी किंवा मुरूम नको. शेजारी बाष्पीभवन मोजायची उघडी कढई, ओपन पॅन: सुमारे १२२ सेंमी व्यासाची, २५ सेंमी खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेली, वर पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून जाळी. आत एका नळकांड्यात टोकदार सुई असते. पाणी उडून सुईचं टोक उघडं पडतं. ते पुन्हा पाण्याला टेकेपर्यंत मोजपात्रानं पाणी घालायचं. मोजपात्राचा व्यास कढईच्या एकदशांश, म्हणून क्षेत्रफळ एकशतांश, म्हणून मोजपात्रातलं २० सेंमी पाणी म्हणजे कढईतलं २ मिलिमीटर. इतकी साधी आणि हुशार वस्तू दुसरी नाही. ठिबकचं वेळापत्रक याच आकड्यावर बसतं.

तर त्या कढईत वाकून बघा. कोरडी असेल, तळाशी वाळका पाला असेल, तर पुढचं बघायची घाई नाही. पाणी असेल तर नोंदवही मागा. तापमान-आर्द्रतेच्या नोंदी दिवसातून दोनदा घ्यायच्या असतात, स्थानिक वेळेनं सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतात आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळं घड्याळात ते साडेसात आणि अडीचच्या आसपास पडतं. ही अर्ध्या तासाची भानगड ज्या मुलाला सांगता येते त्यानं ती नोंद स्वतः घेतलेली असते. वहीत बघायचं ते शाईकडं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीत, एकाच तिरक्या अक्षरात असतील आणि पाऊस झालेल्या दिवशीही कढईतला आकडा नेहमीसारखाच असेल, तर ती वही तपासणीसाठी आहे.

प्रयोगशाळेतही हेच. उपकरणांची यादी भिंतीवर लावलेली असते: पीएच मीटर, ईसी मीटर, फ्लेम फोटोमीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, नत्रासाठी केल्डालचा संच. यादी सगळीकडं सारखीच. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड मात्र खोटं बोलत नाही. काचेचा फुगा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवायचा असतो. तो हवेत कोरडा लोंबकळत असेल आणि टोकाला पांढरी खपली धरली असेल, तर शेवटचं मोजमाप कधी झालं ते विचारायची गरज नाही. शेजारी बफरच्या बाटल्या असतात, साधारण ४, ७ आणि ९.२ च्या, त्यांच्या तारखा बघा. फ्लेम फोटोमीटरला गॅस आणि हवेचा पंप लागतो, नळी जोडलेली आहे का बघा. केल्डालला सतत पाणी लागतं, नळाला पाणी आहे का बघा. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या कॉलेजात नत्राचं प्रात्यक्षिक कसं होत असेल याचा अंदाज तुमचा तुम्ही बांधा.

कीटकशास्त्राच्या विभागात कीटकसंग्रहाच्या पेट्या असतात. मुलांनी स्वतः धरलेले कीटक ओबडधोबड दिसतात: एका नाकतोड्याचा पाय तुटलेला, चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख वाकड्या अक्षरात. सगळ्याच पेट्यांत तेच बारा कीटक, तेच सुबक पंख, आणि चिठ्ठ्या छापील असतील, तर ते विकत मिळतात. संग्रह विकत मिळतो, हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) विकत मिळतं, मागच्या बॅचचं जर्नल फुकट मिळतं. हा उद्योग बऱ्याच ठिकाणी चालतो आणि त्यात मुलांचा दोष निम्माच. सेमिस्टर संपताना आठवड्यात दहा प्रात्यक्षिकं उरकायची ठरवल्यावर कुणी नाकतोड्यामागं धावत नाही.

म्हणून वेळापत्रक मागून घ्या. विषयापुढं २ (१+१) असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा एकूण क्रेडिट, कंसातला पहिला तासिकेचा, दुसरा प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला सलग दोन तास. ते वेळापत्रकात आहेत का, आणि त्या वेळी बॅच खरोखर कुठं असते, एवढं बघितलं तरी पुरे. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे पहिल्याच वर्षी शिकवतात: रानात नागमोडी चालत, व्ही आकाराचे २० सेंमी खोल खड्डे, एका बाजूची सारखी जाड चकती, सगळी माती एकत्र, चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. लिहायला सात ओळी. करायला दोन तास आणि पाठ दुखते. वेळापत्रकात ते दोन तास दिसायला हवेत.

चौथ्या वर्षाचा ग्रामीण कृषी कार्यानुभव, सगळे 'रावे' म्हणतात, हा या पदवीचा सगळ्यात मोलाचा भाग आणि सगळ्यात जास्त पळवाटा असलेलाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आयसीएआरच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात तो वीस आठवड्यांचा होता: एक आठवडा तयारी, आठ गावात, पाच कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रावर, दोन पीक-चिकित्सालयात, तीन उद्योगात, एक अहवालाला. २०२४-२५ पासून नव्या प्रवेशांसाठी सहाव्या समितीचा आराखडा आला आहे. त्यात एक किंवा दोन वर्षांनी प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, त्यासाठी दहा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. आराखडा कुठलाही असो, प्रश्न एकच विचारायचा: कृषीदूत आणि कृषीकन्या, म्हणजे रावेची मुलंमुली, गावात राहतात, की बॅनर धरून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात? गावांची नावं मागा. एखाद्या गावात ओळख निघाली तर फोन करा. 'पोरं आली होती, बीजप्रक्रिया दाखवून गेली' हे एक उत्तर, आणि 'दोन महिने आमच्या वाड्यात होती, फवारणीच्या दिवशी टाकी उचलायला यायची' हे दुसरं.

शिक्षकांची यादी संकेतस्थळावर असते. ती वाचायची पद्धत अशी की फक्त पीएचडी मोजू नयेत. वनस्पती रोगशास्त्र, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, कृषिविद्या आणि उद्यानविद्या या पाच ठिकाणी त्या-त्या विषयात शिकलेला पूर्णवेळ माणूस आहे का ते बघावं. घटक कॉलेजांत एखादी जागा वर्षानुवर्षं रिकामी असते आणि शेजारच्या विभागातले सर तास ओढून नेतात. काही खासगी ठिकाणी यादीतली नावं दुसऱ्याही यादीत सापडतात. दोन्ही रोग आहेत. पण पहिल्यात निदान ग्रंथालय, प्रक्षेत्र आणि सीनियर मुलं शिकवतात.

खासगी कॉलेजाच्या जमिनीबद्दल एक गमतीची युक्ती. प्रवेशाच्या वेळी शेतकरी कुटुंबातल्या मुलाकडं सातबारा मागतात, कारण त्याला गुणवत्तेत अधिभार मिळतो. मग मुलानंही कॉलेजाचा सातबारा मागायला काय हरकत आहे? गट नंबर कळला की महाभूलेखवर घरबसल्या उतारा दिसतो. मालकी कुणाची, क्षेत्र किती, आणि गाव नमुना बारामध्ये पीक काय नोंदवलंय. पाच वर्षं 'पड' लिहिलेलं असेल तर क्रॉप कॅफेटेरियाचा (शेजारी शेजारी लावलेल्या पिकांच्या नमुना तुकड्यांचा) फोटो कुठल्या रानातला, हा प्रश्न सभ्यपणे विचारता येतो.

आपल्या सातबाऱ्याचंही आधीच बघून ठेवा. जमीन आजोबांच्या नावावर, वारस लागलेला नाही, शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं, हे घरोघरी आहे. नातं कुठपर्यंत चालतं, तहसीलदारांचा कुठला दाखला लागतो आणि अधिभार किती, हे त्या वर्षीच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत असतं. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या आणि बाहेरच्या मुलांच्या जागांची वाटणीही तिथंच वाचावी. यादी लागल्यावर तलाठी शोधत फिरण्यापेक्षा एप्रिलमध्ये फेरफार करून घेतलेला बरा.

पैशाचं थोडक्यात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन्ही योजना महाडीबीटीवर असतात, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. मुलींना २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांत आणि याच मर्यादेत शुल्कमाफी आहे. या सगळ्यांना कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला प्रवेश लागतो. संस्थास्तरावर, 'साहेबांशी बोलून' घेतलेल्या प्रवेशाला यातलं काही मिळत नाही, हे बोलणारे साहेब सहसा सांगत नाहीत.

पर्यायांचा फॉर्म भरताना कटऑफच्या उतरत्या क्रमानं कॉलेजं मांडू नका. आपल्याला हवीत त्या क्रमानं मांडा; यंत्रणा वरून खाली बघत जाते आणि वरचं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. जे मिळालं तर तुम्ही जाणारच नाही, ते नाव यादीत घालूच नका. पहिल्या पसंतीचं लागलं की पुढच्या फेरीत सहसा बसता येत नाही, म्हणून पहिलं नाव लिहिताना हात थोडा थांबला तरी चालेल. राज्याबाहेर जायचं असेल तर आयसीएआरच्या जागा सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून भरतात, त्याचा अर्ज वेगळा आणि बराच आधी.

एवढं करूनही काहींच्या वाट्याला असं कॉलेज येतं, जिथं कढई कोरडी आहे. तिथंही पदवी मिळवता येते, फक्त प्रक्षेत्र घरून न्यावं लागतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा संशोधन केंद्रात सुट्टीत काम करू द्या असा अर्ज केला तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. तिथं माणसं कमी आणि काम जास्त असतं. घरच्या रानात २० चौरस मीटरचा तुकडा आखून घ्यावा आणि पाटी लावावी. आणि एक पत्र्याचा सरळ भिंतींचा डबा घ्यावा, आतला व्यास २० सेंमी. उघड्यावर, छपरापासून आणि झाडापासून लांब, वाऱ्यानं पडणार नाही असा बसवावा. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजपात्रात ओतून मोजायचं आणि वहीत तारखेपुढं लिहायचं. ३१४ मिली भरलं की १० मिलिमीटर पाऊस.